सुभेदारांच्या गाडीतला गारवा

मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचो, आणि मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरायचं. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मात्र एका बाईंनी मला शिकवलं, तेही गाडीत बसल्या बसल्या.

आमच्या आळीत पेन्शनीत निघालेले एक सुभेदार राहायचे. दोन वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका उडून त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, भाजल्या होत्या. मिरजेच्या दवाखान्यात जीव वाचला, पण पाठीला, छातीला, हातांना नवी कातडी लावावी लागली. त्या कातडीला घाम येत नाही. ऊन वाढलं की उष्मा अंगातच कोंडायचा आणि वहिनी चक्कर येऊन पडायच्या. उन्हाळाभर त्या ओला पंचा खांद्यावर घेऊन घरात बसून असायच्या. आता लेकीचं लग्न सांगलीत ठरलं होतं. जावई फौजेतला, त्याला सुटी वैशाखातच. मांडवात पंखे, बर्फ सगळं होतं. घोर होता तो गाडीच्या तापलेल्या पत्र्याखालच्या चार तासांच्या प्रवासाचा.

"रात्रीचं नेतो तिला," सुभेदार म्हणाले.

"मी काय चोरी केलीया व्हय, अंधारात जायाला?" वहिनी कडाडल्या. "पोरीच्या लग्नाला दिवसाच जाईन, न्हाईतर जाणार न्हाई."

सुभेदारांची मोटार जुनी, इंग्लिश बनावटीची. विट्याचे त्यांचे मेव्हणे कलकत्त्यात सोनं गाळायचे. त्यांनी तिथल्या भंगारात निघालेल्या परदेशी गाडीचा एसी उतरवून रेल्वेनं पाठवला. असलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. उघडून बघेपर्यंत मला जेवण गोड लागेना.

मोटारीचा डायनॅमो दोन दिवे आणि हॉर्न सांभाळतानाच धापा टाकायचा. त्याची पुली मी लहान केली, म्हणजे तो जास्त फिरेल. एसीची तापणारी जाळी निववायला तिच्यापुढे हवा आत ओढणारा विजेचा पंखा बसवला. फ्रिजवाल्यानं गॅस भरला. गाडी उभी असताना जरा गार व्हायची. रस्त्याला लागली की भट्टी! असं उलटं का? जो तो म्हणे, डायनॅमोच कमी पडतोय. मी तीनदा खोलला. चौथ्यांदा सांगायला आलेल्याच्या अंगावर पाना घेऊन धावलो.

लग्नाला दोन दिवस उरले. सुभेदारांनी औंधच्या यमाईचं नाव घेऊन नारळ फोडला आणि गाडीच्या तोंडाला झेंडूची माळ बांधली. वहिनींना मागं बसवून इंजिन, पंखा, सगळं चालू केलं. मी परत डायनॅमोकडे वाकणार, तोच वहिनींनी काचेतून डोकं बाहेर काढलं.

"आवं भाऊजी, पंखा वारं आत वडतोय म्हनता, मग पाकळ्या भाईर का पळत्यात?"

च्यायला! खरंच माळ जाळीला चिकटायची सोडून पुढं फडफडत होती. मी पूजेच्या ताटातली उदबत्ती उचलून जाळीसमोर धरली, तर सगळा धूर माझ्या तोंडावर. पंखा उलटा फिरत होता! गाडी पळाली की समोरून येणारा वारा तो ढकलून लावायचा, आणि जाळी तापलेलीच राहायची.

चूक माझ्या हाताची. ट्रकात बॅटरीचं मायनस टोक बॉडीला असतं, म्हणून वीस वर्षं काळी वायर बॉडीला लावायची सवय. या जुन्या गाडीत प्लस बॉडीला होतं. मला ते माहीत होतं हो! हाताला नव्हतं. लाज वाटली आणि हसूही आलं. दोन वायरी अदलाबदल केल्या, माळ सोडून टपावर बांधली.

गारवा टिकतो का ते बघायला त्याच दिवशी भर दुपारी आम्ही कऱ्हाडच्या रस्त्याला लागलो. सुभेदार गाडी चालवत होते, मी शेजारी, नजर चार्जिंगच्या दिव्यावर. तो लागला की डायनॅमो हरला, सगळं संपलं. दहा मैल झाले. दिवा लागला नाही. वहिनींना चक्कर तर आली नाही ना, म्हणून भीत भीत वळून पाहिलं.

वहिनींनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला होता. त्या माझ्याकडेच बघत होत्या. भीतीनं माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"एवढ्या गारव्यात घाम?" त्या म्हणाल्या. "लय नशीबवान हायसा भाऊजी."

आणि पंचा त्यांनी माझ्यापुढं धरला. "घ्या, पुसा. आता माझं काय अडत न्हाई." मग सुभेदारांच्या पाठीला बोट लावून म्हणाल्या, "उद्या निघताना गाडी बाजारपेठेतनं घ्या. सगळ्यांना दिसू दे, मी लेकीच्या लग्नाला निघालीया."