मागच्या पायावरचा भार

धाकटी कवळ्या बनवायची. चार-पाच दातांचे डॉक्टर तिच्याकडेच काम पाठवायचे, आणि तिच्या हातची कवळी तक्रार घेऊन परत आली असं सहसा व्हायचं नाही. रोग्याला निळा कागद चावायला लावला की कुठल्या दातावर ठिपका गडद उमटलाय ते पाहून ती तेवढंच केसभर घासायची. गोल्फच्या मैदानावर मात्र त्याच हातांनी नऊ वर्षं तिची लाज काढली होती.

खेळ तिला ताईने शिकवला. नवरा गेल्यावर धाकटी घरात कोंडून घेऊन बसली, तेव्हा ताईच तिला हाताला धरून गावाबाहेरच्या साध्याशा मैदानावर घेऊन गेली. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दोघी बहिणी तिथे हजर. ताईचा चेंडू सुरेख उडायचा. धाकटीचा क्लब, म्हणजे फटका मारायची काठी, आधी जमिनीत घुसायचा. ढेकूळ पुढे आणि चेंडू जेमतेम दहा पावलांवर. नाहीतर चेंडूच्या डोक्यावर टिचकी बसायची आणि तो गवतातून घरंगळत जायचा. ताई समजावून सांगायची, घाई करू नकोस, मागच्या पायावर रेलून राहा, चेंडू खालून अलगद उचल. धाकटी मान डोलवायची आणि आणखी रेलायची.

एका शनिवारी ताईला ताप होता म्हणून धाकटी एकटीच गेली. मैदानाचं गवत राखणारे काका यंत्राचं पातं पुसत बसले होते. तिचे सात-आठ फटके त्यांनी मुकाट पाहिले, मग उठून आले आणि चुन्याच्या फक्कीने गवतावर एक रेघ ओढली. चेंडू न ठेवता या रेघेवर क्लब फिरवा म्हणाले.

तिने फिरवला. ओरखडा रेघेच्या वीतभर मागे उमटला. पुन्हा फिरवला, पुन्हा मागेच. उमटलेल्या खुणा वाचण्यावरच तिचं पोट होतं. क्लब चेंडूच्या आधीच मातीला लागतोय, हे तिला सांगावं लागलं नाही.

"भार मागे राहतोय," काका म्हणाले. "चेंडू तुम्ही उचलायचा नसतो, क्लबचं तिरकं तोंड उचलतं. खाली येताना पुढच्या पायावर या. हात चेंडूच्या जरा पुढे असू द्या. आधी चेंडू, मग माती."

वीसेक वेळा चुकल्यावर ओरखडा रेघेच्या पुढे गेला. मग त्यांनी चेंडू ठेवला. टक्क असा कोरडा आवाज झाला, हाताला धक्कासुद्धा जाणवला नाही, आणि चेंडू वर चढत चढत पार झाडांपर्यंत गेला. धाकटी एकटीच खदखदून हसली.

"मला वाटलं, तुम्हाला तसंच खेळायला आवडतं," काका सहज बोलून गेले. "तुमच्या ताईंना तर मी तिसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. मी तिला सांगते, म्हणाल्या."

धाकटीचं हसू जागच्या जागी विरलं. ताई स्वतः फटका मारताना पुढच्या पायावर कशी येते, हे तिला आता लख्ख दिसलं. नऊ वर्षं शेजारी उभं राहून तिने ते कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती ताईच्या तोंडाकडे पाहत असायची.

ती तिथून थेट ताईकडे गेली. ताई शाल गुंडाळून कपड्यांच्या घड्या घालत होती. काकांनी सांगितलं होतं का, एवढंच धाकटीने विचारलं. ताईने आढेवेढे घेतले नाहीत, हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"सांगणारच होते," ती म्हणाली. "मग राहून गेलं. लहानपणापासून तुला सगळं आपलं आपण यायचं. मला कधी काही विचारलंस तू? तिथे विचारायचीस, ताई, माझं काय चुकलं. मला ते आवडायला लागलं."

"सांगितलं नाहीस ते मी गिळलं असतं गं. पण त्यानंतरही सहा वर्षं तू उलटं सांगत राहिलीस."

ताईने तो टॉवेल बाजूला ठेवून दुसरा घडीला घेतला. केसाने गळा कापणं म्हणतात ते असंच, इतकं मायेने होतं, हे धाकटीला जिना उतरताना कळलं.

हल्ली ती बुधवारी दुपारी एकटी खेळते. चेंडू उडतो. ताईचा फोन आला की आईच्या औषधांपुरतं बोलते आणि ठेवते. खेळाचं दुःख तसं एव्हाना ओसरलंय. पण कवळी घासता घासता मध्येच तिचं यंत्र थांबतं, आणि ताईने दिलेला एकेक सल्ला ती उजेडात धरून पाहते. चार वर्षांपूर्वी एका चष्मेवाल्याने तिला सरळ मागणी घातली होती. भला माणूस होता, विधुर. या वयात भानगड कशाला, असं ताई म्हणाली होती, आणि धाकटीने त्याला नाही म्हणून कळवलं होतं. ते ताईने काळजीपोटी सांगितलं की आणखी कशापोटी, हे विचारायचं धाडस तिला होत नाही. त्याचं लग्न होऊन आता दोन वर्षं झाली.