मागून उघडा किल्ला

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. सोयगावकडच्या आमच्या गावात मी बी.ए. झालो तेव्हा आबांनी, माझ्या वडलांनी, घरोघरी पेढे वाटले. बी.एड. झालो तेव्हा मात्र एवढंच विचारलं, "आता मास्तर कधी व्हणार?"

प्रश्न सरळ होता. उत्तर एका माणसाच्या हातात होतं. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेचे ते अध्यक्ष, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांच्या शाळांत अधूनमधून जागा निघायच्या. आणि साहेबांना एक मोठा नाद होता. दर शिवजयंतीला पडेगावच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर ते इतिहासातली एक लढाई उभी करायचे. घोडे भाड्याचे, उंट भाड्याचे, तोफा पत्र्याच्या. सैन्य तेवढं फुकट मिळायचं. सैन्य म्हणजे आम्ही, त्यांच्याकडं नोकरी मागायला गेलेले.

"यंदा बघू तुझं," साहेब म्हणायचे. "आधी लढाई पार पडू दे."

लढाई पार पडायची. मग परीक्षा यायच्या, सुट्ट्या लागायच्या, आणि मी पुढच्या लढाईची वाट बघायला लागायचो.

मैदानाच्या एका टोकाला किल्ला होता. पुढून बघाल तर काळ्या दगडाचा, दोन बुरुजांचा, मोठ्या दरवाजाचा. मागून बघाल तर बल्ल्या, सुतळी आणि प्लायच्या उघड्या पाट्या. मागं भिंतच नव्हती. ढेकळांचं शेत आणि लांबवर दौलताबाद रोडचे दिवे. दरसाल निवेदनात किल्ल्याचं नाव बदलायचं, प्लाय तेच राहायचं.

या किल्ल्यात हरणारं सैन्य बसायचं. कुणाला कुठल्या बाजूला घ्यायचं असा काही नियम नव्हता, पण ज्याला संस्थेत नोकरी लागलेली असायची तो आपोआप मावळ्यांत जायचा. आपल्याच वर्गातल्या पोरांसमोर कोण हरेल? मग उरलेले, वाट बघणारे, किल्ल्यात. बाहेर भगवा घेऊन दहावी नापास शिपाई घोड्यावर, आणि आत बुरुजावर भाला धरून एम.एस्सी. मी किल्लेदार होतो. मराठीचा पदवीधर, शिवाय उंची बरी.

आम्हाला दुपारीच आत जावं लागायचं. पब्लिक एकदा बसलं की शत्रू इकडंतिकडं हिंडताना दिसायला नको, असा साहेबांचा हुकूम. किल्ल्याची लढाई असायची सगळ्यात शेवटी. त्याआधी पाळणा, पोवाडा, दरबार, पाहुण्यांचे सत्कार, आणि सत्कारांवर सत्कार. तोवर आम्ही रेग्झिनच्या चिलखतात उकडत बसायचो. पत्र्याचं शिरस्त्राण कपाळाला घासायचं. पाणी जपून प्यायचं, कारण लघवीलाही बाहेर पडायची परवानगी नव्हती. प्लायच्या फटीतून साहेबांचा सोफा दिसायचा. आम्ही आळीपाळीनं त्या फटीला डोळा लावायचो. साहेब खुशीत आहेत का, एवढंच बघायचं असायचं.

माझ्या शेजारी बसायचा तो शहागंजचा. इतिहासाचा एम.ए., बी.एड. पहिल्याच वर्षी त्यानं मला विचारलं, "भाई, मेरेकू तो किल्लेमेंच बैठना था, मेरा नामच वैसा है. तू कायको आया अंदर?"

"तू ज्यासाठी आलास त्यासाठीच," मी म्हणालो.

"फिर बैठ. जगह बहोत है." तेव्हापासून तो माझा दोस्त.

एका बाबतीत मात्र मला मान होता. सगळे संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असायचे. मैदानात नुसते ओठ हलवायचे. संस्थेतले एक पीटीचे सर ही लढाई बसवायचे, मावळ्यांचे सेनापतीही तेच. कॉलेजात मी वक्तृत्वाच्या ढाली आणल्या होत्या हे त्यांना कळलं, आणि ते मला क्रांती चौकातल्या एका स्टुडिओत घेऊन गेले. शरणागतीचा संवाद माझ्या आवाजात झाला. "किल्ला आपला झाला. या घ्या किल्ल्या. माझ्या माणसांना मात्र सोडा." शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. ते मी घातलं. नुसतं हरणं कोरडं वाटत होतं. सर म्हणाले, "व्वा! शिकलेला माणूस तो शिकलेलाच."

त्या साली आबा गावाहून बघायला आले. संवाद सुरू झाला तसे ते गर्दीत उभे राहिले आणि शेजारच्याला म्हणाले, "ह्यो आवाज माझ्या पोराचा हाय." शेजारचा म्हणाला, "बसा हो आजोबा, दिसंना." तरी ते बसले नाहीत. हे त्यांनीच मला सांगितलं, वर्षभर सांगत होते. त्यांना वाटायचं, ज्याचा आवाज एवढ्या लोकांनी ऐकला त्याची नोकरी आता कुठं जाते?

एका साली वारं फार होतं. किल्ल्याचा दरवाजा सारखा आपटायचा, म्हणून दोस्तानं कमरेचा शेला सोडून दरवाजाची कडी आतून आवळून बांधली. वेळ आली की सोडू म्हणाला. पण वाऱ्यानं दार दिवसभर ओढलं होतं. वेळ आली तेव्हा गाठ अशी बसली होती की नख शिरेना.

बाहेरून ओंडका घेऊन मावळे धावत आले. ध्वनिफितीत धाडकन आवाज झाला. दार जागचं हललं नाही.

फटीतून सर कुजबुजले, "अरे कडी काढ ना! काय करायलास?"

"गाठ सुटंना, सर."

"कसली गाठ? साहेब बघायलेत!"

"तलवार मारा," मागून कुणीतरी सुचवलं. आम्ही मारल्या. किल्ल्यात ढिगानं तलवारी होत्या आणि एकीलाही धार नव्हती.

तोवर स्पीकरवर निवेदक गरजला, "दरवाजा कोसळला!" पब्लिक हसायला लागलं. नगारे वाजले, आणि मग बंद किल्ल्यातून माझा आवाज सगळ्या मैदानावर घुमला, "किल्ला आपला झाला. या घ्या किल्ल्या." मी अजून गाठीशी झटत होतो. लोक शिट्ट्या मारायला लागले. "अरे मग उघड की!" कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात मागं ढेकळं तुडवल्याचा आवाज आला. सर दहा-बारा मावळे घेऊन किल्ल्याला वळसा घालून सरळ आत आले होते. त्यांना कुणीच अडवलं नाही, कारण अडवायला तिथं काही नव्हतंच.

दोस्त सरांकडं बघत राहिला. "सर, इधरसे तो रस्ता था?"

"गप ए. धक्का द्या सगळे!"

मग दोन्ही सैन्यांनी मिळून आतून खांदा लावला आणि चौकटीसकट दरवाजा बाहेर पाडला. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असंच बसवलंय. मी मात्र त्या उघड्या बाजूकडं बघत होतो. इतकी वर्षं आम्ही फटीतून सोफ्याकडं बघत बसलो होतो, आणि पाठीशी अख्खं शेत होतं.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी मला सोफ्यापुढं बोलावलं. भोवती पाहुणे होते.

"काय रे किल्लेदार, दार का नाय उघडलं?"

"गाठ बसली होती, साहेब."

"पदवीधर म्हणं! अन् गाठ सुटंना." सगळे हसले.

मी म्हणालो, "साहेब, माझ्या जागेचं सांगून टाका. हो का नाय, एवढंच."

हसणं थांबलं. साहेबांनी माझ्याकडं प्रेमानं बघितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मैदानात नोकरीचं बोलू नये, बाळा," ते म्हणाले. "पण तुझी निष्ठा बघतोय मी. पुढच्या साली तुला बाहेर घेऊ. मावळ्यांत. घोडा देऊ."

मला घोडा देत होते. मी चिलखत उतरवलं, सरांच्या हातात दिलं आणि किल्ल्याकडं गेलो. दोस्त शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसला होता.

"चल," मी म्हणालो.

"तू जा. मेरा इस साल देखते बोले साहेब." मग हसून म्हणाला, "किसीको तो किल्ला संभालना पडता ना."

मी मागच्या बाजूनं निघालो. ढेकळं तुडवत दौलताबाद रोडला लागलो आणि मिळाली त्या काळ्यापिवळ्या जीपनं शहरातल्या माझ्या खोलीवर आलो. पुढं त्याच खोलीत शिकवणी सुरू केली. ती चालली. मी कुणाच्या मेहेरबानीनं मास्तर झालो नाही, हे मी छाती काढून सांगतो.

आबांनाही सांगितलं होतं. तरी पुढच्या शिवजयंतीला ते न कळवता गावाहून आले, आधी मैदानावर गेले आणि कार्यक्रम झाल्यावर माझ्या खोलीवर आले. टोपी काढून खुंटीला लावली.

"यंदा बी लई झ्याक बोललास."

"आबा, मी नव्हतो तिथं. मी सोडलं ते."

"आवाज तुझाच व्हता की."

"तो जुना आहे. भरून ठेवलेला."

आबांनी खुंटीवरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "म्हंजे साहेबानं तुला ठिवलंय अजून. चांगलंय."

मी सरांना जाऊन सांगितलं, माझा आवाज काढा. सर म्हणाले, "असा दुसरा कुठून आणू? अन् साहेबांना आवडतोय." कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह झाला. आबा गेले. दोस्ताला जागा मिळाली का, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आता मी पडेगावलाच राहतो. दर शिवजयंतीला शिकवणी सुटल्यावर घरी जाताना त्या मैदानाजवळ स्कूटर आपोआप हळू होते. आत कुणीतरी नवा, बी.एड. झालेला, रेग्झिनच्या चिलखतात ओठ हलवत असणार. मी एक पाय जमिनीवर टेकवून शेवटच्या वाक्यापर्यंत थांबतो. "माझ्या माणसांना मात्र सोडा." आवाज अजून खणखणीत आहे. त्या वाक्याला उत्तर भरून ठेवायचं तेव्हा स्टुडिओत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. ते संपलं की लगेच नगारे सुरू होतात.