आईची पांढरी साडी लुंबिनीला पोहोचली

मैत्रिणींनो, जय भीम. नेपाळातून आत्ताच परत आले. सीमेवरच्या सोनौलीत चहाच्या टपरीवर बसून लिहितेय.

चंद्रपूरहून आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी लुंबिनीसाठी गाडी केली होती. त्यात आईही येणार होती. तिथल्या बुद्धवंदनेला नेसायला तिनं नवी पांढरी साडी आणून ठेवली होती. मागच्या महिन्यात आई गेली. साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती. तिच्या जागेवर मी आले आणि साडी उगाच बॅगेत टाकली.

आज सकाळी तिची मैत्रीण शांतामावशी म्हणाली, "आण ते साडी. मी नेसतो."

लुंबिनीच्या आवाराच्या दारात चपला काढून आम्ही अनवाणी निघालो. मावशीनं साडी इतकी खाली नेसली होती की काठ मातीत लोळत होता.

"मावशी, साडी लोळून राह्यली. थोडी वर घे नं."

ती थांबली नाही. "लोळू दे वं. तुई माय चालून राह्यली."

पुढचं मला नीट दिसलंच नाही.

आता साडी माझ्या मांडीवर आहे, काठाला तिथली माती आहे. घरी गेल्यावर सगळे म्हणतील, पांढरी आहे, धुऊन टाक.

तुम्ही धुतली असती का?