वानेच्या रेतीतला पांढरा दगड

अकोल्यात माझा धंदा म्हणजे नवरा-नवरीचे आणि नातवाला मांडीवर घेतलेल्या आजोबांचे फोटो काढायचे. एका मासिकाला सातपुड्याच्या पायथ्याची छायाचित्रं हवी होती. पौषात गिऱ्हाईक कमी, म्हणून दुकानाला कुलूप घातलं आणि कॅमेरा, तिपाई अन् डझनभर काचेच्या प्लेटा घेऊन निघालो. वान नदीकाठचं ते गाव फार देखणं आहे असं ज्यानं सांगितलं, तो तिथं कधी गेलेला नव्हता हे मला नंतर कळलं.

शेगावपर्यंत आगगाडी. तिथून वरवट बकालला मोटार जाते, पण भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर 'आत्ता निघतो' म्हणाला की खुशाल चहा घ्यावा. भाडं सांगतील ते देऊ नका, निम्म्याच्या आसपास येतात. पूर्णा नदीच्या उतारावर सगळ्यांना खाली उतरवतात. कॅमेऱ्याची पेटी टपावरच राहू द्या असं क्लीनर म्हणाला, पण त्याचा चेहरा मला पसंत पडला नाही, म्हणून मी ती डोक्यावर घेऊन रेती तुडवली. वरवटहून पुढं बैलगाडीनं अर्धा दिवस लागतो. जवळ चिवडा ठेवावा, वाटेत काही मिळत नाही.

गाव मात्र खरंच देखणं निघालं. बाजारपेठ, नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पलीकडे निळा सातपुडा. शाळेतल्या गुरुजींकडे एका ओळखीच्यानं चिठ्ठी दिली होती, त्यांच्या ओसरीवर उतरलो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी इतकी फर्मास की ठसका लागला तरी हात थांबेना. संध्याकाळी दहा-बारा माणसं येऊन माझ्या तिपाईकडे बघत बसली. अखेर एकानं विचारलं, "तुम्ही कोन्या खात्याचे हो?"

मी म्हटलं, कोणत्याच नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नंतर गुरुजींनी सांगितलं की मागं जमीन मोजणारे सरकारी लोक आले होते, त्यांच्याकडेही अशीच तीन पायांची वस्तू होती आणि ते गेल्यावर दोन वावरांच्या हद्दी बदलल्या. मला हसू आलं, पण तेवढं सांगून गुरुजीही माझ्याकडे जरा निरखूनच पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारभर नदीत होतो. पाण्याची बारीक धार एका कडेला, बाकी सगळी रेती. एक म्हातारी सकाळपासून माझ्या मागावर होती. हिचं नाव सरूबाई. मी जाईन तिथं पंधरा-वीस हात दूर बसायची आणि नजर कायम माझ्या बुटांवर. खिळे ठोकलेले माझे बूट नवेच होते. गावात सगळे अनवाणी नाहीतर चपला घातलेले, म्हणून हिचा डोळा बुटांवर आहे असा मला संशय आला. त्या रात्री मी बूट उशाखाली घेऊन झोपलो, ही गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

त्याच दिवशी उतरत्या उन्हात पायऱ्या आणि डोंगर एका चौकटीत छान बसले. पुढं चुन्यानं रंगवलेला एक दगड मात्र डोळ्यात खुपत होता. काळ्या कपड्याखाली डोकं घालून एक प्लेट घेतली, समाधान होईना. मग तो दगड उचलून दहा पावलं बाजूला नेऊन ठेवला आणि दुसरी घेतली. तेवढ्यात गुरुजींनी हुरड्याला हाक मारली आणि मी दगड विसरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीत माणसं जमली होती. बळीराम नावाचा शेतकरी रेतीत टरबुजासाठी खड्डे घेत होता आणि सरूबाई गुमान उभी होती. मी विचारायला गेलो तर सगळे गप्प झाले. हकिकत मला परतीच्या बैलगाडीत वरवटपर्यंत पोचवायला आलेल्या गुरुजींनी सांगितली. पाणी आटलं की गाव चिठ्ठ्या टाकून रेती वाटून घेतं आणि हद्दीवर पांढरा दगड बसवतं. बसलेल्या दगडाला पाच माणसांसमोर असल्याशिवाय कोणी हात लावत नाही. सरूबाईच्या तुकड्यात एक झिरा होता. हातभर उकरलं की पाणी. त्या पाण्यावर तिच्या वेली आणि तिचं वर्ष. आता दगड सरकला होता आणि झिरा बळीरामकडे गेला होता.

पण असे दगड रेतीत वीस तरी होते, मी हलवलेला वेगळाच असेल, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय बळीरामची नजर मला पहिल्यापासून तिरकी वाटत होती. "बळीरामनंच रातोरात सरकवला असेल," मी गुरुजींना म्हटलं. गुरुजी बैलांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर काळोख्या खोलीत प्लेटा धुतल्या. पहिलीत दगड पायऱ्यांच्या समोर, बरोबर झिऱ्याच्या खालच्या अंगाला. दुसरीत दगडाच्या जागी खळगा आणि त्या खळग्यातून निघालेले खिळ्यांच्या बुटांचे ठसे. मान खाली घालायला समोर कोणी नव्हतं, तरी मी घातली.

पहिल्या प्लेटचा फोटो छापून गुरुजींना पाठवला. सोबत लिहिलं, 'हद्दीचा दगड मुळात इथं होता असं दिसतं, उपयोग व्हावा.' कोणी हलवला ते लिहिलं नाही.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर पौष-माघातच जा, बिछाना सोबत न्या आणि तिपाई उघडण्याआधी आपण कोण ते नीट सांगा. हे मला आज सुचतंय.

काल गुरुजींचं उत्तर आलं. पाच माणसांसमोर दगड परत जागेवर बसला. हद्द सरकारनंच बदलली असं सगळ्यांनी धरलं होतं, म्हणून कोणी तोंड उघडलं नव्हतं. बळीराम घाबरत घाबरत नव्या हद्दीपर्यंत पेरत होता आणि पहिल्या दिवसापासून सरूबाईला झिऱ्यावरून पाणी नेऊ देत होता. आता उगवलेली रोपंही त्यानं तिलाच ठेवली. खाली सरूबाईचा निरोप होता, तिच्याच शब्दांत: "साहेबानं दगडापाशी दोन खेपा काळ्या कपड्यात डोकं घातलं होतं. मी मोजलं हाये. मंग दुसरा फोटो काऊन नाही धाडला?"

आज तोही पोस्टात टाकला. मागं लिहिलं, दगड मी हलवला, आणि खाली पूर्ण नाव घातलं.