फांदीवरची साडी

सुधाने फोनवर हो म्हटलं आणि तिचा विचार बदलायच्या आत मी गाडी ठरवून टाकली. नन्सच्या शाळेत आम्ही दोघी दहा वर्षं एका बाकावर बसलो. तेव्हा सहलीला गेलो की हिला पाण्यातून ओढून बाहेर काढावं लागे. चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढला. आता ती ठणठणीत आहे, पण सख्ख्या बहिणीसमोरही कपडे बदलत नाही. मला तिला पुन्हा एकदा पाण्यात बघायचं होतं. डॉक्टरांनी कोमट पाण्यात थोडा वेळ बसायला परवानगी दिली होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी सहाला आमच्या मनीषनगरहून निघालो. सावनेरला तर्री-पोहे, मग सौसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाड्याला जेवण आणि परासियावरून तामिया. थांबत गेलात तर सहा तास धरा. राहायच्या जागा मोजक्याच आहेत, खोली आधी सांगून ठेवा. शालीशिवाय जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने आम्हाला रस्ता संपतो त्या गावात सोडलं. गरम पाण्याचं कुंड तिथून तासभर आत, सागाच्या जंगलात. वाळक्या पानांवर पाय घसरतो, म्हणून चपला नकोत, बूट हवेत. सुधाने चढावर धापा टाकत मला बजावलं, "मी फक्त पाय बुडवीन. मले आग्रह करायचा नाही, नंदे."

शेवटच्या वळणावर गंधकाचा वास आला. तिथेच एका फांदीवर विटकी, फाटकी साडी लोंबत होती. कोणी तरी विसरलं असणार. शाळेत काही असं लोंबताना दिसलं की ते कोणाचं हे सिस्टर विचारतच नसत; जिला आधी दिसेल तिने घडी घालायची. आम्ही दोघींनी दोन टोकं धरली, सुबक घडी घातली, दगडावर ठेवली आणि खाली उतरलो.

कुंडातून वाफ निघत होती. ओढ्याचं गार पाणी जिथे मिसळतं तिथे एक बाई केस धूत होती. लग्न होऊन सौसरकडून आलेली, त्यामुळे बोली आपलीच. सुधाने पाय सोडले. मग गुडघे. मग ती खडकामागे गेली, परकर छातीशी बांधून आली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसली. मी दुसरीकडे बघत राहिले.

तेवढ्यात वळणावर खांद्यावर टॉवेल टाकलेले दोन पुरुष दिसले. बाईने हाकलताच ते ओशाळून मागे फिरले. साडी टांगलेली नव्हती, एवढंच पुटपुटले. पण सुधा केव्हाच खडकामागे पोचली होती.

"साडी कोनं काढली वं?" बाईने मला विचारलं.

मी घडीबद्दल सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग तिने समजावलं. फांदीवर साडी असली की आत बाया आहेत, आणि कोणीही गडी ते वळण ओलांडत नाही. तिच्या सासूच्या आधीपासूनची रीत.

सुधा हसली नाही. खडकामागून तिचा आवाज आला, "चाल नंदे, झालं माहं."

सुधा अंगाला आपली साडी गुंडाळून बाहेर आली. बाईने तिला नीट पाहिलं असणार, पण त्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. म्हणाली, "आमची फाटून राहिली, ताई. तुमची नवी आहे. तीच टांगून या. मंग पाहू कोन येते."

सुधाने वळणाकडे पाहिलं. मग तिने अंगावरची ती हिरवी, इतवारीच्या बाजारातून घेतलेली साडी सोडली आणि ओल्या परकरावर, हातांनी काहीही न झाकता, वळणापर्यंत चढून गेली. परत आली ती सरळ पाण्यात. एक ओंजळ माझ्या तोंडावर मारून म्हणाली, "तू काहून कोरडी बसली वं?"

निघताना ती माझा जादाचा सलवार-कमीज घालून आली. साडी तिने फांदीवरच ठेवली.

त्या कुंडाचं नाव मी लिहीत नाही. तामियाच्या पुढे गेलात तर बायांना विचारा, त्या सांगतील. घरी आले त्याला आता महिना झाला. बुटांना गंधकाचा वास अजून आहे. आणि संध्याकाळी गच्चीवरच्या दोरीवरून साडी ओढायच्या आधी मी घटकाभर थांबते. पलीकडे कोणी आहे का, ते बघून घेते.