निमलच्या अंगणातला नवरंग

जळवांचे मोजे घ्यायला मी चंद्रपुरातल्या आमच्या शिंप्याच्या दुकानात उभा होतो, तेव्हा सुनंदावहिनींचा फोन आला. श्रीलंकेच्या ओल्या जंगलात जळवा पायाला चिकटतात, म्हणून जाड कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे आणि वर नाडी असलेले दोन जोड मी शिवायला टाकले होते. शिंप्याला ते काही केल्या पटत नव्हतं. "गुरुजी, दंडारीच्या नाचात काम करून राह्यले काय?" असं तो मला विचारत होता, आणि तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी विचारलं, कुठे? प्रभाकरभाऊ पहाटे उठून कुठेतरी जाणारच, ही इतक्या वर्षांची सवय... वहिनींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी उठला नव्हता. मोज्यांचे दोन्ही जोड पिशवीत घालून मी गडचिरोलीच्या एसटीत बसलो.

प्रभाकरभाऊंनी गडचिरोलीच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्यात उभी नोकरी घालवली. "श्वास घ्या, धरा, आता सोडा" हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की रानात पक्षी जवळ आला की ते मलाही हळूच म्हणायचे, "धरा." आणि मी खरोखरच श्वास धरायचो. माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तराला त्यांनी कधी पक्षी बघायच्या या नादाला लावलं, ते मला कळलंही नाही. रजेच्या दिवशी मी चंद्रपूरहून निघायचो, ते स्टँडवर डबा घेऊन उभे असायचे, आणि त्या डब्यातलं निम्मं माझं असायचं.

आलापल्लीच्या पुढे एका गोंड गावाजवळ आम्ही एकदा पावसाळ्यात सकाळीच थेट नाल्यात उतरलो होतो. मागून एक म्हातारे आले आणि शांतपणे म्हणाले, "कोणाले विचारून आले?" मी वनखात्याचं काहीतरी बोलू लागलो. भाऊंनी मला गप्प केलं आणि सरळ हात जोडले. म्हाताऱ्यांनी आम्हाला गावात नेलं, ओट्यावर बसवून पाणी दिलं, कोण, कुठले ते विचारलं. मग स्वतः पुढे चालत त्याच नाल्यावर परत आणलं. तिथे नवरंग पक्षी पाचोळा उडवत फिरत होता. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, शेपटीखाली लाल... भाऊंचा तो पहिला नवरंग. त्या दिवसापासून त्यांनी नियमच करून टाकला, की दुसऱ्याच्या रानात तिथल्या माणसाशिवाय पाय ठेवायचा नाही. एकदा जिवतीच्या डोंगरात ओळखीचा माणूस घरी नव्हता, तर हा गृहस्थ टपरीवर चहा पिऊन मला घेऊन माघारी आला. मी वाटभर कुरकुरत होतो, आणि ते एसटीच्या खिडकीतून बाहेरच्या तारांवरचे पक्षी दाखवत होते.

नवरंग पावसाळ्यात आपल्याकडे घरटं करायला येतो आणि थंडीआधी दक्षिणेकडे निघून जातो, पार श्रीलंकेपर्यंत. भाऊंनी एकदा घरट्याजवळच्या नवरंगाचा फोटो पक्षीवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला. त्यावर श्रीलंकेतल्या सिंहराजा नावाच्या जंगलाकाठी राहणाऱ्या निमल नावाच्या गणिताच्या शिक्षकाने लिहिलं, की हा हिवाळ्यात माझ्या अंगणात फणसाखाली असतो. उन्हाळ्यात इथून तो कुठे जातो, ते मी आज पाहिलं, असंही त्याने लिहिलं. झालं... त्या दिवसापासून भाऊंना नवरंगाचं दुसरं घर पाहायचं होतं. त्यांचं इंग्रजी एक्स-रेच्या खोक्यांवरचं, निमलचं वर्गातलं, पण रविवारचे फोन लांबत गेले. कोणत्या उतारावर कोणत्या सकाळी जायचं, मोज्यांचं कापड किती घट्ट विणीचं हवं, मुक्काम कुणाच्या घरी, सगळं निमलने बसवून दिलं. गडचिरोलीच्या बुद्धविहारातल्या बायांचा समज, की भाऊ तीर्थयात्रेला चालले. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाला आमच्याही नावानं फूल वाहा, असं त्या सांगत, आणि भाऊ अपराध्यासारखी मान डोलवत. वहिनींना चला म्हटलं, तर त्यांचं म्हणणं, की पाखरांमागे चिखलच तुडवायचा तर आपल्या इथला चिखल काय वाईट आहे.

निघायची वेळ आली की मात्र घोडं अडायचं. पहिल्या खेपेला त्या देशात पेट्रोलच मिळेनासं झालं. पुढच्या हिवाळ्यात निमलची आई अंथरुणाला खिळली. त्यानंतर त्याच्याच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दर खेपेला निमल म्हणायचा, तुम्ही या, माझा चुलतभाऊ तुम्हाला फिरवेल, त्यालाही पक्षी कळतात. दर खेपेला भाऊ म्हणायचे, थांबू. शेवटी मी चिडलो आणि म्हणालो, "भाऊ, पाखराले काय करायचं, कोण घेऊन आला ते?"

"पाखराले काई नाई करायचं," ते म्हणाले. "पण ज्याच्या अंगणात ते राह्यते, त्यालेच सोडून मी त्याच्या अंगणात जाऊ काय? त्याचा पाय बरा होऊ द्या. पाखरू काई पळून नाई चाललं."

पाखरू खरंच पळून गेलं नाही. त्यांच्यावर मी आजही याच गोष्टीसाठी रागावतो. तो चुलतभाऊ त्याच गावचा होता, त्याच रानात वाढलेला. त्याच्याबरोबर गेलो असतो, तर नियम कुठे मोडत होता? पण भाऊंनी आपला नियम गरजेपेक्षा जास्त पाळला, आणि असे तीन हिवाळे आम्ही फक्त बोलत राहिलो. यंदा निमल धडधाकट झाला, त्याची रजा ठरली, जानेवारीची तिकिटंही निघाली... आता अडचण म्हणून काही उरली नाही. मी बहुधा जाईन. नवरंग मला दिसेलही. आणि मला तो असा बघायचा नाही, हे इथे स्पष्टच सांगतो.

भाऊ गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो होतो. नातेवाईक, शेजारी, दवाखान्यातले दोन-तीन जुने लोक. कोनाड्यातला भाऊंचा फोन वाजला. त्यांच्या भाचीने काय आलंय म्हणून दाबून पाहिलं, तर खोलीत दोन सुरांची शीळ ऐकू आली. पुन्हा एकदा तीच. निमलने अंगणात आलेल्या यंदाच्या पहिल्या नवरंगाचा आवाज पाठवला होता. त्याला अजून कुणी काही कळवलंच नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "हे पाखरू तर आपल्याइथलंच हाये ना," आणि पदर तोंडाला लावला. इतके दिवस मला वाटायचं, की त्यांना यातला एकही आवाज ओळखू येत नसेल.

मग मीच बाहेर जाऊन निमलला फोन केला. भाऊ गेल्याचं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, की चुलतभावाबरोबर या म्हणून मी आणखी जोर करायला हवा होता... त्यालाही तेच टोचत होतं, जे मला. गेल्या आठवड्यात मी पुन्हा गडचिरोलीला गेलो होतो, तेव्हा त्याचाच फोन आला. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या महिन्यात भिक्खूंना भोजनदान देतात. भाऊंच्या नावाने तो ते आपल्या गावच्या विहारात देणार आहे. तो दिवस जानेवारीतच येतो, आम्ही दोघं त्याच्या घरी असणार होतो त्या दिवसांत. गेलेल्या माणसाला आवडायचा तो पदार्थ त्यात करतात, म्हणून त्याने विचारलं, भाऊंना काय आवडायचं? मला सांगता येईना. इतकी वर्षं एका डब्यातून जेवलो, पण त्या डब्यात काय असायचं, याकडे दोघांचंही लक्ष नसायचं. मी फोन हातात धरूनच वहिनींना विचारलं. त्या पालेभाजी निवडत होत्या. हात थांबवून त्यांनी थोडा विचार केला.

"कोणतीबी भाजी चालन म्हणा," त्या म्हणाल्या. "फक्त पाखरं बोलाच्या वेळेले जेवण ठेवू नका म्हणा. हातचा घास टाकून उठतेत हे."

मला जमलं तशा इंग्रजीत मी ते निमलला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, दान दुपारच्या जरा आधी असतं. नवरंग पहाटेच बोलतो, तोवर भाऊंचं अंगणात पाहून झालेलं असेल.

मी वहिनींना तसं सांगितलं.

"मंग ठीक हाये," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.