दाराजवळचं स्टूल

पाचोऱ्याच्या तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, आणि शेजारी रुपचंदनानांचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ कसला, दहा बाय आठची खोली! नानांचा हात थरथरायला लागल्यापासून ती त्यांची मुलगी सुलक्षणा चालवते. दिवसभर पासपोर्ट फोटो. हनुवटी वर, कान दिसू द्या, चला पुढचा. घरात बाप-लेक दोघंच.

धुळ्याच्या एका स्टुडिओनं तिला लग्नांच्या कामासाठी बोलावलं होतं. नानांची अट एकच, ते 'जमनं', म्हणजे जमलं, म्हणतील त्या दिवशी तिनं जायचं. त्यासाठी रोज सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, फ्लॅश बंद ठेवून दारातल्या उजेडात एकच फोटो काढायचा. दुसरा नाही. बसणाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत उजेडाचा बारीक ठिपका आला पाहिजे. मग काय चुकलं ते वहीत लिहायचं. तो बसणारा म्हणजे मी, तोताराम. दोन वर्षं त्या स्टुलावर बसून माझी पाठ कामातून गेली.

पोरीचा हात मात्र असा बसला की काय सांगू! माझं हे खप्पड तोंडसुद्धा फोटोत बघण्यासारखं दिसायचं. स्टूल चार बोटं सरकवलं तर चेहऱ्यावर काय फरक पडतो, हे तिला डोळे मिटूनही सांगता यायचं. तरी नाना फोटो दाराकडे धरायचे आणि मान हलवायचे. "नही जमनं. डोयामा उजेड नही." ती गुपचूप वही उघडायची. मला भयंकर राग यायचा, कारण मला ठाऊक होतं.

नानांना काचबिंदू. वर्षापूर्वी जळगावच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो होतो. गेलेली नजर परत यायची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता सावल्या तेवढ्या दिसतात. बाकी सगळं सवयीनं चालतं. परतताना एसटीत नानांनी पोरीला न सांगायची शपथ घातली, आणि मी गाढव गप्प बसलो.

धुळ्यानं आता शेवटचं विचारलं होतं, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. शनिवारी सुलक्षणानं भिंतीवरचा आईचा फोटो फ्रेममधून काढला. नानांनी तरुणपणी त्याच स्टुलावर बसवून काढलेला, बक्षीस मिळालेला. आपला फोटो त्याच्या शेजारी ठेवून तिला आपली चूक शोधायची होती. नाना आले. काउंटरवर चाचपताना त्यांच्या हाताला आईचा फोटो लागला. तो दाराकडे धरून म्हणाले, "नही जमनं. डोयामा उजेड नही."

सुलक्षणानं तो फोटो परत फ्रेममध्ये घातला. दुपारी माझ्या दुकानात आली. "काका, तुम्हाला माहीत होतं?" मी मान खाली घातली. लाज वाटली, खरं सांगतो. जाताना तिनंही शपथ घातली, तिला कळलंय हे नानांना सांगायचं नाही. काय माणसं आहेत ही!

शपथ पाळली, पण संध्याकाळी नानांना नको नको ते बोललो. पोरीला किती दिवस कोंडून ठेवणार, असंही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

सोमवारी मी पुन्हा स्टुलावर बसलो. नानांनी फोटो बराच वेळ दाराकडे धरला. उलटा धरला होता.

"जमनं, बेटा. जाय तू आते."

या एका शब्दासाठी ती दोन वर्षं थांबली होती. धुळ्याला तिनं आदल्याच दिवशी नाही म्हणून कळवलं होतं. तिनं फोटो त्यांच्या हातातून घेतला, सुलटा केला आणि वहीत ठेवला.

"नही नाना," ती म्हणाली, "माले अजून नही जमनं." आणि बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावून हनुवटी वर करायला सांगितली.